हुगळीकाठचा निरोपाचा घाट

तारारुआच्या डोंगरात उगम पावून अप्पर हटच्या कडेने वाहत जाणाऱ्या हट नदीस माओरी लोक ‘ते अवा कैरांगी’ म्हणतात. खोरे ओलांडून ही नदी पेटोनी येथे वेलिंग्टनच्या बंदरास मिळते. बंदराच्या ऐन मध्यावर मतीऊ नावाचे बेट आहे. रोगराईचा संशय असलेल्या जहाजांवरील उतारूंना एके काळी त्या बेटावर अडवून ठेवीत असत. २२ जानेवारी १८४० रोजी ‘अरोरा’ जहाजाने आणलेले वसाहतवाले याच पेटोनीच्या किनाऱ्यावर उतरले. आपले पूर्वज कोणत्या जहाजाने आले, कोणत्या वाळूवर त्यांनी प्रथम पाऊल ठेविले, हे त्यांच्या वंशजांस बोट दाखवून सांगता येते.

हट खोऱ्यात आज नांदणाऱ्या ज्या हिंदी कुटुंबांचे पूर्वज गिरमिटावर परदेशी गेले, त्यांच्या कुलकथेतही एक नदी आहे, एक बंदर आहे, आणि रोग्यांना अडवून ठेवणारे एक बेटही आहे. परंतु ती कथा क्वचितच कोणी बोट दाखवून सांगू शकतो. ती नदी म्हणजे हुगळी, ते बंदर म्हणजे कलकत्ता, म्हणजेच आजचे कोलकाता. फिजीला गेलेल्या सुमारे ६० हजार मजुरांपैकी ४५ हजारांच्या आसपास मजूर या एका नगरातून जहाजावर चढले. उरलेले मद्रासहून गेले. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांनी प्रामुख्याने मुंबई बंदर सोडले हे खरे. तथापि मॉरिशसला गिरमिटिये घेऊन २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोहोचलेले ‘अॅटलस’ हे जहाजही कलकत्त्याहूनच निघाले होते. म्हणून जहाजी पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येकाने, मग त्याचे मूळ गाव बस्तीचे असो वा रत्नागिरीचे, एकदा तरी पाहावे असे हे नगर आहे.

नदी, नगर आणि बेटे

कोलकाता हे बंदर असले तरी ते समुद्रावर वसलेले नाही. समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, गंगेच्या हुगळी नावाच्या फाट्यावर ते वसले आहे. १६९० साली जॉब चार्नाक हा ईस्ट इंडिया कंपनीचा गुमास्ता सुतानुटी येथे उतरला. पुढे सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन खेड्यांभोवती कंपनीचे ठाणे वाढत गेले. नगराचा जन्मदाता म्हणून चार्नाकचे नाव सांगण्याची रीत होती. परंतु ही गावे त्याच्या आधीपासूनच नांदती असल्याने तो मान त्याला देऊ नये, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ साली दिला.

मराठी माणसाचे नाव या नगरात प्रथम पोहोचले ते भीतीच्या रूपाने. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांचे घोडदळ १७४२ साली बंगालात शिरले, तेव्हा कलकत्तेकरांनी आपल्या रक्षणासाठी एक खंदक खणावयास घेतला. तोच ‘मराठा खंदक’ होय. मराठे कलकत्त्यावर आले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही, आणि पुढे तो बुजवून त्याच्या मार्गाने सर्क्युलर रोड काढण्यात आला. परंतु ‘बर्गी’, म्हणजे मराठ्यांचा बारगीर, हा शब्द बंगाली मातांच्या अंगाईगीतात कायमचा राहून गेला. या नगराशी असलेले मराठी नाते येथेच संपले असते, तर ते फार अभिमानाने सांगण्याजोगे नव्हते. सुदैवाने ते येथे संपले नाही. त्याची हकीकत पुढे येईल.

नगराच्या दक्षिणेस हुगळी रुंदावत जाते आणि समुद्राला मिळताना असंख्य मुखांनी फाटते. तेथे सुंदरबनाचा द्वीपसमूह सुरू होतो. भारताच्या हद्दीतच शंभरावर बेटे आहेत. काहींवर वस्ती आहे, तर काहींवर केवळ कांदळवन आणि वाघ. अगदी पश्चिमेचे मोठे बेट म्हणजे सागरद्वीप. कपिल मुनींच्या कोपाने भस्म झालेल्या सगरपुत्रांना भगीरथाने आणलेल्या गंगेने जेथे उद्धरिले असे आपण मानतो, ते गंगासागर हेच.

मटियाबुर्जचा काठ

ज्याला आपल्या पूर्वजांची वाट शोधावयाची आहे, त्याने हावड्याचा पूल आणि चौरंगी पाहून समाधान मानू नये. त्याने नदीच्या पूर्व काठाने दक्षिणेस खिदिरपूर, गार्डन रीच व मटियाबुर्ज या भागात जावे. निरनिराळ्या वसाहतींच्या मजूर-छावण्या याच भागात होत्या. त्यांना ‘डेपो’ म्हणत, आणि हा शब्द गिरमिटियांच्या घरात पिढ्यान् पिढ्या टिकला.

या काठाला आणखी एक दुःखद इतिहास आहे. इंग्रजांनी १८५६ साली अवधचे राज्य खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह मटियाबुर्ज येथे येऊन राहिला. लखनौची संगीतसभा, लखनौची पाककला आणि लखनौची उदासी त्याने येथे आणली, आणि १८८७ साली येथेच तो निवर्तला. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्याची कबर आहे. फिजीच्या मजुरांपैकी कितीतरी जण बस्ती, गोंडा, फैजाबाद अशा त्या मुलखातले होते. राज्य गेलेला राजा आणि जमीन गेलेला रयत, दोघेही एकाच चिखलाच्या काठाशी येऊन पोहोचले. राजाची कबर आज दाखविता येते. रयतेचे काय राहिले, हाच येथे येणाऱ्याचा खरा प्रश्न असतो.

रयत येथे कशी पोहोचे, ते अनेक घराण्यांत ऐकिवात आहे. आरकाटी नावाचे दलाल तीर्थक्षेत्री, बाजारात, रेल्वे-स्थानकावर हिंडत. घरात भांडण होऊन बाहेर पडलेला तरुण, दुष्काळाने गांजलेला शेतकरी, सासर तुटलेली विधवा अशी माणसे ते हेरीत. काम ‘टापूवर’ आहे, टापू कलकत्त्याच्या पलीकडे आहे, एवढेच सांगितले जाई. सुंदरबनाच्या बेटांपलीकडे हजारो मैलांवर आणखी बेटे असतात, हे त्या भोळ्या जिवांना कोठून ठाऊक असणार? तोताराम सनाढ्य यांना १८९३ साली असाच एक आरकाटी प्रयागजवळ भेटला. फिजीत एकवीस वर्षे काढून परत आल्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाने साऱ्या हिंदुस्थानाचे डोळे उघडले.

डेपोत वैद्यकीय तपासणी होई, न्हाऊ घालून नवे कपडे दिले जात, आणि एक थाळी, लोटा व कांबळे हाती पडे. नंतर ‘पास’ लिहिला जाई. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरील खूण आणि जवळचा नातेवाईक इतके तपशील त्या एका कागदावर असत. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाहिजेत असा दंडक होता, आणि ती संख्या भरून काढण्यासाठी काय काय होई, ते पासावर लिहिले जात नसे. करार पाच वर्षांचा असे. पुरुषाला रोजचे काम पुरे केल्यास एक शिलिंग, स्त्रीला नऊ पेन्स. वसाहतीत दहा वर्षे काढल्यावर परतीचे भाडे सरकार देईल असे आश्वासन होते.

‘ॲग्रिमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले, ते त्या मजुरांच्या जिभेवर. मराठीत मात्र हा शब्द आधीपासूनच दुसऱ्या अर्थाने नांदत होता. गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडावयाचे सुताराचे हत्यार. दोहोंचा मुळात काही संबंध नाही. तरीही मराठी माणसाला तो शब्द ऐकताना काही तरी आत शिरत असल्याचा भास होतो, आणि तो भास अगदीच खोटा म्हणता येत नाही.

सागराकडे

जहाज धक्का सोडी तेव्हा त्याचा प्रवास ताबडतोब समुद्रावर सुरू होत नसे. हुगळी ही भारी दगाबाज नदी. वाळूचे दांडे रोज जागा बदलतात, भरतीची लाट भिंतीसारखी चढते, आणि जाणत्या पायलटावाचून कोणतेही मोठे जहाज तिच्यात पाऊल टाकीत नाही. शिडाच्या जहाजास आगबोट ओढून नेई. डायमंड हार्बर मागे पडे, काठ दूर दूर सरकत, पाणी गढूळ होत जाई, आणि अखेरीस डाव्या हाताला सागरद्वीपाची सखल हिरवी रेघ दिसे. मायभूमीचे शेवटचे दर्शन ते हेच.

या स्थळाचे वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. दरवर्षी मकरसंक्रांतीस लक्षावधी यात्रेकरू गंगासागरी स्नानाला जातात. इतर तीर्थे पुनः पुनः करावीत, गंगासागराची यात्रा एकदाच, अशी लोकांची समजूत पूर्वीपासून आहे. वाटेतील संकटे पाहता तिचे नवल वाटत नाही. गिरमिटियांनीही ते तीर्थ एकदाच पाहिले, परंतु जहाजाच्या कठड्यावरून. पूर्वजांच्या उद्धारासाठी गंगा जेथे समुद्रास मिळाली, तेथेच काळे पाणी सुरू झाले म्हणून आपला धर्म बुडाला असे त्या बापड्यांस वाटत होते. पुढे दोन-तीन महिन्यांच्या शिडाच्या प्रवासात, किंवा आगबोटीच्या सुमारे एका महिन्यात, एका पंक्तीला बसून जेवलेली, एकमेकांची ओकारी पुसलेली माणसे ‘जहाजी भाई’ झाली. जुनी नाती त्या नदीने तोडली आणि नवे नाते तिनेच जुळविले.

१४ मे १८७९ रोजी ‘लिओनिदास’ हे पहिले जहाज ४६३ मजुरांसह फिजीच्या लेवुका बंदरात आले, तेव्हा पटकी आणि देवी या रोगांमुळे त्यांस मुख्य भूमीवर उतरू दिले नाही. यानुका लाइलाइ नावाच्या बेटावर त्यांना अडवून ठेवण्यात आले. मतीऊ बेटाकडे पाहणाऱ्या अप्पर हटच्या रहिवाशाला ही गोष्ट सांगितली, तर तिच्यातले दुःख त्याला निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

गोखल्यांचा कलकत्ता

ज्या नगरातून ही जहाजे निघत, त्याच नगरात व्हाइसरॉयचे कायदेमंडळ भरत असे. नदीवरील डेपो आणि गव्हर्नमेंट हाऊस यांमध्ये फार अंतर नाही. त्या सभागृहात २५ फेब्रुवारी १९१० रोजी एक मराठी गृहस्थ उभे राहिले आणि नाताळ वसाहतीला गिरमिटिये पाठविणे बंद करावे असा ठराव त्यांनी मांडला. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले ते गोपाळ कृष्ण गोखले. सरकारने तो ठराव स्वीकारला व १९११ च्या जुलैपासून नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी पुढचे पाऊल टाकिले. नुसत्या नाताळसाठी नव्हे, तर सर्वच वसाहतींसाठी गिरमिटाची पद्धत नष्ट करावी, असा तो ठराव होता. ही पद्धत राष्ट्राच्या मानखंडनेची आहे, हे त्यांनी आकड्यांनी व कायद्याच्या कलमांनी सिद्ध केले. सरकारी बहुमताने ठराव फेटाळला गेला.

१९१५ साली गोखले वारले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तीच मागणी पुन्हा मांडली, आणि या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी ती तत्त्वतः मान्य केली. ११ नोव्हेंबर १९१६ रोजी ‘सतलज’ हे मजुरांचे शेवटचे जहाज सुव्हाला पोहोचले. १९१७ साली भरतीस बंदी झाली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेली गिरमिटे रद्द करण्यात आली. ज्या नगराने मराठ्यांच्या भयाने खंदक खणला, त्याच नगरात एका मराठी माणसाने न पाहिलेल्या परक्या मजुरांसाठी आपली वाणी झिजविली. कोलकात्यास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूने खंदकाबरोबर हेही स्मरावे.

परतलेले

गिरमिट संपल्यावर काय झाले, हा या कथेतील सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे. परतीच्या भाड्याचा हक्क बजावून फिजीतून सुमारे २४ हजार माणसे माघारी आली. बोट पुन्हा हुगळीतून वर येई, सागरद्वीप पुन्हा दिसे, आणि ज्या काठावरून ती गेली त्याच काठावर ती उतरत. कित्येकांस घर मिळाले. परंतु कित्येकांना गावाने ओळखले नाही. समुद्र ओलांडला म्हणून जातीने दार लावले, शिल्लक भाऊबंदांनी वाटून घेतली, आणि वसाहतीत जन्मलेल्या मुलांना तो मुलूख परका वाटला. फिजी, डेमेरारा, त्रिनिदाद येथून परतलेली अशी शेकडो कुटुंबे १९२० नंतरच्या काळात मटियाबुर्जच्या झोपड्यांत येऊन राहिली. हिवतापाने ती खंगत होती, आणि पुन्हा वसाहतीत पाठवा, अशी विनवणी करीत होती. भवानीदयाळ संन्यासी व बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ साली परतलेल्यांच्या स्थितीविषयी अहवाल प्रसिद्ध करून ही दैना जगापुढे मांडली.

ज्या घाटाने त्यांना परदेशी पाठविले, त्याच घाटावर परतलेले अडकून पडले. हट खोऱ्यातील ज्या फिजी-हिंदी कुटुंबांनी १९८७ सालच्या दोन लष्करी उठावांनंतर दुसऱ्यांदा घरदार सोडले, त्यांस हे वाचताना काय वाटेल याची कल्पना करता येते. आपले खरे गाव कोणते, हा प्रश्न त्यांच्या घरात मुले विचारतात. मटियाबुर्जचे उत्तर कठोर आहे. परंतु ते खोटे नाही. मागे सोडलेले घर आपली वाट पाहत तसेच उभे असते, ही समजूत टाकून मगच या यात्रेस निघावे.

आज काय दिसते

आजचे मटियाबुर्ज शिवणकामाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. गल्लोगल्ली यंत्रांचा खडखडाट ऐकू येतो. गार्डन रीचला लढाऊ जहाजे बांधणारा कारखाना आहे, आणि नदीकाठचा बराचसा भाग बंदराच्या व कारखान्यांच्या भिंतींआड गेला आहे. डेपोंच्या इमारती शोधणाऱ्याची बहुधा निराशाच होते. परंतु पूर्वजांची स्मृती अगदीच पुसली गेलेली नाही. २०११ साली खिदिरपूरच्या काठावर गिरमिटियांच्या स्मरणार्थ शिलालेख बसविण्यात आला. सुरीनाम घाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थळी २०१५ साली ‘माई-बाप’ स्मारक उभे राहिले. गाठोडे घेऊन निघालेले एक साधे जोडपे, अशी ती मूर्ती आहे. सुरीनामची राजधानी पारामारिबो येथील ‘बाबा आणि माई’ या पुतळ्याची ती प्रतिकृती होय. मॉरिशसच्या पोर्ट लुईमधील आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. तेथे पूर्वज ज्या पायऱ्या चढले त्या आहेत. येथे ते ज्या काठावरून उतरले तो आहे. दोन्ही पाहिल्यावाचून प्रवास पुरा होत नाही.

सागरद्वीपास जाणाऱ्याने कोलकात्याहून काकद्वीप गाठावे. तेथील आठ नंबर लॉट या धक्क्यावरून बोटीने मुरीगंगा ओलांडून कचुबेरियास उतरावे, आणि बेटाच्या दक्षिण टोकापर्यंत मोटारीने जावे. बोटी भरती-ओहोटीच्या तंत्राने चालतात, म्हणून वेळ हाताशी राखून निघावे. संक्रांतीच्या मेळ्यात गर्दी अपार असते. ज्यास निवांतपणे दोन शब्द मनाशी बोलावयाचे आहेत, त्याने मेळा टाळून थंडीतला दुसरा एखादा दिवस निवडावा. कपिल मुनींची पूर्वीची मंदिरे समुद्राने गिळली असून आजचे मंदिर मागे सरकवून बांधलेले आहे. देवानेही येथे जागा बदलली आहे, हे पाहून स्थलांतराचे शल्य मनात बाळगणाऱ्याला थोडा धीर येईल.

या यात्रेला निघण्यापूर्वी मात्र एक काम घरीच करावयास हवे. फिजीला गेलेल्यांचे पास सुव्हा येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहेत. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले, ठाण्याचे नाव मोडले, गावाचे तर पार रूपच बदलले. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीशी ताडून ती नावे घरातल्या जाणत्यांनी पुन्हा शुद्ध करावीत, देवनागरीत लिहावीत आणि मुलांकडून वाचून घ्यावीत. गाव सापडले तर उत्तमच. न सापडले तरी नाव सापडलेले असते, आणि नाव हाती असलेला मनुष्य घाटावर रिकाम्या हाताने उभा राहत नाही.

पासावर एक रकाना जवळच्या नातेवाइकाचा असे. त्यात आई, भाऊ, कधी बायको अशी माणसे लिहिलेली सापडतात. त्यांपैकी कितीजणांना त्या कागदाची वार्ता कधी पोहोचली असेल? त्या सर्वांची नावे सुरीनाम घाटावर किंवा सागरद्वीपाच्या वाळूत एकदा मोठ्याने उच्चारली गेली, तर गेलेल्यांचे तर्पण होईलच. पण मागे राहून वाट पाहिलेल्यांनाही त्यांचा निरोप उशिरा का होईना पोहोचेल.